पासष्टीनंतरचं वीजबिल

ब्रिटनमध्ये दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात म्हाताऱ्या माणसांच्या बँक खात्यावर सरकारकडून पैसे जमा होतात. थंडीत घर उबदार ठेवायचा खर्च भागावा, एवढाच त्यामागचा हेतू. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेले, तिथेच नोकरी करून निवृत्त झालेले मराठी आजी-आजोबाही या मदतीचे हक्कदार असतात. साधारण त्याच सुमारास, दिवाळीच्या आगेमागे, त्यांच्याच वयाची माणसं मीरा रोडला चौथ्या मजल्यावर पंखा पाचवर ठेवून ऑक्टोबरचा उकाडा काढत असतात. त्यांच्या खात्यावर ऋतूच्या नावाने काही जमा होत नाही.

मीरा-भाईंदरला हिवाळ्यात घर तापवावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर, रात्री एक जाड चादर आणि आंघोळीला कढत पाणी, एवढ्यावर भागतं. मुंबईतल्या नीचांकी तापमानाची नोंद ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि ती २२ जानेवारी १९६२ची, म्हणजे साठ वर्षांहून जुनी. घर तापवायच्या मदतीची गरज महाराष्ट्रात कुठे असेल तर ती निफाडच्या शिवारात, जिथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर दर थंडीला राज्यातले नीचांक नोंदले जातात, किंवा धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात. मीरा-भाईंदरच्या म्हाताऱ्या माणसाला परवडेनासा होतो तो उन्हाळा. प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच आहे. शरीर थकलेलं, मिळकत आटलेली आणि ऋतू कडक. अशा वेळी घरातली हवा जगण्याजोगी ठेवायचा खर्च कोणी उचलायचा?

ब्रिटनने या प्रश्नाचं उत्तर १९९७ मध्ये दिलं. टोनी ब्लेअर यांचं सरकार नुकतंच आलं होतं, अर्थमंत्री होते गॉर्डन ब्राउन. सुरुवातीची रक्कम किरकोळ होती. ती वाढत जाऊन ऐंशीच्या आतल्यांना घरटी २०० पौंड आणि ऐंशीच्या पुढच्यांना ३०० पौंड अशी स्थिरावली. या योजनेत अर्ज नव्हता, उत्पन्नाचा दाखला नव्हता, बहुतेकांना कोणाच्या दारी जावं लागत नव्हतं. वय झालं की पैसे आपोआप यायचे. जोडीला दुसरी एक योजना होती, ती अगदी गरिबांसाठी. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात एखाद्या भागातलं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्य किंवा त्याखाली राहिलं, किंवा राहील असा अंदाज आला, की त्या भागातल्या पात्र लोकांना २५ पौंड. पारा उतरला की मदत सुटते, मंत्र्याने घोषणा करायची वाट पाहावी लागत नाही.

मग २०२४च्या जुलैमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तिजोरीतल्या खड्ड्याकडे बोट दाखवून ही मदत फक्त गरिबांसाठीचा पेन्शन-पूरक भत्ता घेणाऱ्यांपुरती ठेवली. एक कोटीहून अधिक लोकांना मिळणारी मदत एका हिवाळ्यात जेमतेम पंधरा लाख लोकांपुरती उरली. भत्त्याची मर्यादा थोडक्यात चुकलेली माणसं सगळ्यात जास्त भरडली गेली, आणि पात्र असूनही अर्ज न भरलेली लाखो माणसंही त्यात होती. ओरड एवढी झाली की वर्षाच्या आत, जून २०२५ मध्ये, सरकारने माघार घेतली. वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या इंग्लंड आणि वेल्समधल्या पेन्शनरांना मदत परत मिळू लागली. त्यांची संख्या सुमारे नव्वद लाख. या सगळ्यात आपल्या कामाची गोष्ट एकच आहे. उत्पन्नाची रेघ कुठे ओढली, यावर योजना जगते किंवा मरते.

एकाच वेळी म्हातारं होणारं शहर

मीरा-भाईंदरची वाढ आठवली की इथला प्रश्न किती मोठा आहे ते कळतं. मिठागरं, राई-मुर्धा-मोर्वा ही आगरी गावं, उत्तन-पाली-चौकचे कोळीवाडे, काशीमिऱ्याच्या डोंगराचा पायथा, असा हा सगळा परिसर. १२ जून १९८५ला इथे नगरपालिका आली. २८ फेब्रुवारी २००२ला महानगरपालिका झाली. १९९१ मध्ये इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१च्या जनगणनेत ती ५,२०,३८८ झाली आणि २०११ मध्ये ८,०९,३७८.

ही वाढ म्हणजे मुंबईत घर न परवडलेली माणसं. लालबाग-परळच्या चाळीतली खोली भावांच्या वाटणीत गेलेली, १८ जानेवारी १९८२च्या गिरणी संपाने होत्याचं नव्हतं झालेली, दहिसर-बोरिवलीचे भाव ऐकून एक-दोन स्टेशनं पुढे उतरलेली. तिशी-पस्तिशीत कर्ज काढून, बायकोचे दागिने गहाण टाकून त्यांनी शांतीनगरात, नवघर रोडला, भाईंदर पश्चिमेला वन रूम किचन घेतलं. १९९१ मध्ये चाळिशीत असलेला माणूस आज पंचाहत्तरीला टेकला आहे. एका पिढीने एकदमच वसवलेलं हे शहर आता एकदमच म्हातारं होतंय. २०११ मध्येच महाराष्ट्रातल्या दर शंभर माणसांत जवळजवळ दहा साठीपुढची होती.

त्यांच्या इमारतीही त्यांच्याच वयाच्या आहेत. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, गच्चीवर नुसता सिमेंटचा स्लॅब किंवा गळती थांबवायला घातलेलं पत्र्याचं छप्पर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारा-एकपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला गुडघ्यांमुळे चार जिने उतरून संध्याकाळी खाडीच्या वाऱ्याला बसायलाही जाता येत नाही. उत्तन-डोंगरीची जुनी कौलारू घरं याहून थंड असत. पण तिथेही आता स्लॅबची घरं उभी राहिली आहेत, आणि सत्तरीतल्या कोळणीला सुके बोंबील वाळत घालायचं काम भर उन्हातच करावं लागतं.

किनाऱ्यावरचा उन्हाळा आकड्यांत कमी दिसतो, म्हणून त्याकडे काणाडोळा होतो. नागपूर-चंद्रपूरला ४५ अंश म्हटलं की बातमी होते, इथे ३६-३७ म्हटलं की लोक घाम पुसून पुढे जातात. हवामान खातं मात्र किनारपट्टीसाठी वेगळा निकष लावतं. मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, किनाऱ्यावर तो ३७ अंशांपासूनच. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. पारा तेव्हा चाळिशीतही नव्हता.

म्हातारपणी हा धोका आणखी वाढतो. तहान लागल्याची जाणीव बोथट होते. घाम कमी येतो. रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि अंगातलं पाणी आणखी उतरतं. हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावं लागतं, आणि ते हृदय आधीच थकलेलं असतं. रात्री हवा निवली नाही तर शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. असा माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातच कोसळला, तर त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर बहुतेक वेळा हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी होणं लिहिलं जातं, उन्हाळा लिहिला जात नाही.

बिलाचा हिशेब

दोघंच राहणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर धरू. दोन पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, दिवसातले वीस तास चालले तर रोज तीन युनिट, महिन्याला नव्वद. फ्रिजचे तीस-चाळीस. दिवे, टीव्ही, मिक्सर, कपडे धुण्याचं यंत्र मिळून आणखी तीसेक. झाले एकशेसाठच्या घरात. हिवाळ्यात पंखे बंद होतात. गिझर रोज अर्धा तास चालवला तरी दिवसाला एक युनिट, म्हणजे महिन्याला तीसच. इथे हिवाळ्याचं बिल वर्षातलं सगळ्यात हलकं असतं ते यामुळे.

आता मुलाने हप्त्यावर घेऊन दिलेला एक टनाचा एसी मे महिन्यात रात्री सात तास लावला. जुना असेल तर तासाला पाऊण ते एक युनिट, म्हणजे महिन्याला दीडशे ते दोनशे युनिट वाढले. बेरीज ३०० च्या वर जाते. राज्यात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी चढतात. १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. वरच्या टप्प्याचा चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो हे खरं, पण स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि शेवटी १६ टक्के वीजशुल्क चढत मे महिन्याचं बिल हिवाळ्याच्या कितीतरी पट होतं. मग एसीचा रिमोट कपाटात जातो आणि म्हातारी माणसं ओलं फडकं अंगावर घेऊन पडतात. कोणाला सांगत नाहीत, कारण मुलाला वाईट वाटेल.

मीरा-भाईंदरला वीज महावितरणकडून येत नाही. आधी बीएसईएस, मग रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटी, शिवाय टाटा पॉवरचा पर्याय, अशी इथली व्यवस्था. म्हणून सरकारने महावितरणपुरती जाहीर केलेली एखादी सवलत इथल्या ग्राहकापर्यंत पोचतेच असं नाही. पण कायद्याने वाट बंद केलेली नाही. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६५ प्रमाणे राज्य सरकारला कोणत्याही वर्गाच्या ग्राहकांना सवलत देता येते. अट एवढीच की ते पैसे सरकारने वीज कंपनीला आगाऊ भरायचे. शेतीपंपांसाठी महाराष्ट्राने २०२४ मध्ये बळीराजा मोफत वीज योजना आणली. दिल्लीने २०१९ पासून घरगुती ग्राहकांना महिना २०० युनिटपर्यंत शून्य बिल केलं, कर्नाटकाने २०२३ मध्ये गृहज्योती योजना सुरू केली. वयाचा विचार करून उन्हाळ्याच्या बिलाला हात लावायचं काम महाराष्ट्रात व्हायचं आहे.

पासष्टीचा उंबरठा

सरकार म्हाताऱ्यांसाठी काही करत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्ध्या तिकिटात. २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्याच वर्षी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात, त्यातून आंघोळीच्या पाण्याचा खर्च थोडा हलका होतो.

पण दर महिन्याला हातात रोख रक्कम येते ती श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून. महिना १,५०० रुपये. यातला केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्यांसाठी अवघा २०० रुपये आणि ऐंशीपुढे ५०० रुपये आहे, बाकी भार राज्याचा. वय ६५ पूर्ण हवं, पंधरा वर्षं महाराष्ट्रात वास्तव्य हवं, आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं.

वर्षाला २१,००० रुपये म्हणजे महिन्याला १,७५०. मीरा रोडला एका खोलीच्या भाड्यालाही हे पैसे पुरत नाहीत. ही मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे, म्हणजे कमावता मुलगा त्याच घरात राहत असेल तर आई-बाप बाद. मुलगा काही देतो की नाही, हा प्रश्न अर्जात नाही. आणि मुलगा नसला तरी काय होतं ते पाहा. खासगी कंपनीत पंचवीस वर्षं घालवलेल्या कामगाराला ईपीएस-९५ योजनेची पेन्शन महिना १,८०० रुपये असेल, तर वर्षाचे होतात २१,६००. सहाशे रुपयांसाठी तो श्रावणबाळातून बाहेर. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवर आहे. ती ७,५०० करावी म्हणून निवृत्त कामगारांनी बुलढाण्यात २४ डिसेंबर २०१८ ला साखळी उपोषण सुरू केलं. 

सगळ्यात मोठी विसंगती बायकांच्या वाट्याला येते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या स्त्रीला महिना १,५०० रुपये मिळतात आणि तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला अडीच लाख. श्रावणबाळाची रक्कमही तेवढीच, १,५००. म्हणजे भाईंदरच्या एखाद्या बाईला चौसष्टाव्या वर्षी, घरात महिना वीस हजार येत असताना, सरकार मदतीला पात्र मानतं. तीच बाई पासष्टी ओलांडते, गुडघे गेलेले असतात, पोळी-भाजीची कामं सुटलेली असतात, औषधं वाढलेली असतात, आणि नेमकी तेव्हा पात्रतेची रेघ अडीच लाखांवरून २१ हजारांवर घसरते. वय वाढलं की गरज वाढते, इथे वय वाढलं की हक्क जातो. ही चूक कोणा एका अधिकाऱ्याची नाही. दोन योजना दोन काळांत आखल्या गेल्या आणि जुन्या योजनेची मर्यादा काळाबरोबर हलली नाही. पण चूक ती चूकच आहे, आणि ती दुरुस्त करायला नवी योजना लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

गेलेली सवलत परत मिळवणं आपल्याकडे किती अवघड आहे, हे रेल्वेने दाखवलंच आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ च्या पुढच्या स्त्रियांना ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने ती काढली गेली. करोना ओसरून वर्षं लोटली तरी ती सूट तशीच बंद राहिली.

काय करता येईल

वीजबिलातून सवलत द्यायची म्हटलं तर मीरा-भाईंदरमध्ये एक अडचण हमखास येते. मीटर कोणाच्या नावावर? कित्येक घरांत ते वारलेल्या नवऱ्याच्या नावावर असतं, कुठे मूळ बिल्डरच्या, कुठे घरमालकाच्या, कुठे परदेशी गेलेल्या मुलाच्या. बिलाशी बांधलेली मदत अशा घरांना चुकवून जाईल. त्यापेक्षा पैसे थेट खात्यावर द्यावेत. श्रावणबाळाचे लाभार्थी आधारशी जोडलेले आहेतच. त्यांना दर उन्हाळ्यात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, १,५०० रुपयांचा एक जादा हप्ता द्यायचा. वेगळा अर्ज नको, वेगळा दाखला नको, सेतू केंद्रात खेटे नकोत.

पाऱ्याशी बांधलेल्या मदतीचा प्रयोगही आपल्या देशात झालेला आहे. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला उभ्या केलेल्या ‘सेवा’ संघटनेने २०२४च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या ५०,००० कष्टकरी स्त्रियांसाठी उष्णतेचा विमा आणि रोख मदत राबवली. तापमान ठरलेल्या पातळीवर गेलं की ४०० रुपये खात्यावर. पंचनामा नाही, साक्षीदार नाहीत, तापमानाचा आकडा हाच पुरावा. जे एक संघटना करू शकली ते तीन राज्यांच्या सरकारांना जड जाऊ नये.

पैशाइतकंच महत्त्वाचं घर थंड करणं. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये एरवीपेक्षा १,३४४ माणसं जास्त दगावली. त्या धक्क्यातून तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गच्च्या पांढऱ्या करायची मोहीम त्यात घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं. शेजारच्या ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये स्वतःचा उष्णता कृती आराखडा केला. मीरा-भाईंदरच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींना गच्चीवर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या रंगाचा हात दिला, तर सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोल्या काही अंशांनी निवतात. महापालिकेने अशा सोसायट्यांना मालमत्ता करात थोडी सूट दिली तरी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव पटकन होईल. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालले तर देखभालीचा खर्च उतरतो, तो पेन्शनरांच्याच खिशात राहतो.

घरापुरतं पाहिलं तर जुन्या ७५ वॅटच्या पंख्याऐवजी तीसेक वॅटचा बीएलडीसी पंखा लावला की निम्म्याहून अधिक वीज वाचते. दोन पंख्यांत महिन्याला पन्नास युनिट. वयोश्री योजनेच्या यादीत काठी आणि वॉकरच्या शेजारी हा पंखा का नसावा? जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० अंशांच्या आत असेल तोवर पंख्याचा अंगाला उपयोग होतो. मीरा-भाईंदरचा पारा बहुतेक दिवस त्या आतच असतो. म्हणजे इथल्या म्हाताऱ्या माणसासाठी पंखा हे औषधच आहे, आणि तो दिवसरात्र फिरवायची त्याची ऐपत असली पाहिजे.

मागणी तीन गोष्टींची आहे. श्रावणबाळाची उत्पन्न मर्यादा लाडकी बहीण योजनेइतकी, म्हणजे अडीच लाख करावी. एप्रिलमध्ये उन्हाळ्याचा एक जादा हप्ता द्यावा. आणि वयोश्रीच्या यादीत कमी विजेचा पंखा घालावा. पहिल्या मागणीला पैसा लागेल, पण चौसष्टीपर्यंत दिलेली मदत पासष्टीला काढून वाचवलेला पैसा सरकारने बचत म्हणून मोजू नये. ज्येष्ठ नागरिक संघांनी दिवाळीच्या फराळाच्या बैठकीतच हे तीन ठराव करून आमदार, जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांकडे पाठवावेत. पुढच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव तेव्हाच सुरू होते. मार्चमध्ये ऊन तापल्यावर दिलेलं निवेदन त्या वर्षीच्या उन्हाळ्याला उपयोगी पडत नाही. आणि आपल्या इमारतीत शेवटच्या मजल्यावर कोणी एकटं म्हातारं माणूस राहत असेल, तर त्याचं श्रावणबाळाचं नाव लागलं आहे का, आधार बँकेशी जोडलं आहे का, हयातीचा दाखला दिला आहे का, हे दिवाळीच्या सुट्टीत एकदा वर जाऊन विचारा. अडचण असेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनला त्यांच्यासमोरच फोन लावा.